एक पिन, अनेक नावे : ड्रायव्हरच्या कोडमधील नावांच्या शिस्तीविषयी एक पाठ

सम्राट अशोकाच्या शिलालेखांविषयीची एक गोष्ट आम्ही इतिहासाच्या तासाला दरवर्षी सांगतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केला, तेव्हा शिळांवरून जो राजा बोलू लागला त्याचे नाव ‘देवानंपिय पियदसि’ असे होते. ‘अशोक’ हा शब्द त्या लेखांत नव्हता. हा पियदसि सिंहलद्वीपाचा राजा असावा, असे प्रिन्सेपला आधी वाटले. पुढे जॉर्ज टर्नोर यांनी सिंहलच्या पाली वंसग्रंथांच्या आधारे पियदसि म्हणजेच अशोक हे दाखवून दिले. आणि ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष कोरलेला लेख कर्नाटकातील मस्की येथे सापडला तो १९१५ साली. पुरुष एक, नावे दोन, आणि शिळेवरच्या अक्षरांनी त्यांची गाठ घालून द्यायला लागलेली वर्षे अठ्ठ्याहत्तर.

आपल्या वसतिगृहातील मुले संध्याकाळच्या प्रयोगवर्गात छोटे संगणक-बोर्ड, सेन्सर आणि तारा घेऊन बसतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. तेथे पुरुषाच्या जागी तांब्याची एक बारीक पिन असते आणि तिला तीन-चार नावे असतात. म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने या विषयावर लिहिणे अगदीच अस्थानी ठरू नये. एकाच वस्तूची निरनिराळी नावे निरनिराळ्या साधनांतून गोळा करून ती जुळवणे, हा आमच्या विद्याशाखेचा नित्याचाच उद्योग आहे.

आधी थोडी ओळख. सेन्सर, पडदा, रेडिओ अशा कोणत्याही उपकरणाशी बोलण्यासाठी बोर्डावर जो छोटा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्या उपकरणाला कोणत्या क्रमाने काय सांगायचे हे ड्रायव्हरला ठाऊक असते. मात्र कोणती तार कोणत्या पिनेला लावली आहे, हे त्याला आपण सांगावे लागते. हे सांगणे नावांच्या आधारे होते, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो.

रास्पबेरी पाय या बोर्डाचे उदाहरण पाहा. त्यावरील चाळीस पिनांच्या दोन रांगांत एकोणिसावी पिन आहे. जागेवरून मोजले तर तिचे नाव १९. मुख्य चिपच्या हिशेबाने तीच जीपीआयओ १०. ‘वायरिंगपाय’ नावाच्या एकेकाळच्या लोकप्रिय लायब्ररीच्या हिशेबाने तीच १२. आणि कामावरून पाहिले तर तीच एसपीआय या संवादपद्धतीची, बाहेर माहिती पाठवणारी पिन. हे चारही उल्लेख बरोबर आहेत. चूक घडते ती एका हिशेबातला आकडा दुसऱ्या हिशेबात वापरल्यावर. शिवाय आकडे स्थिर राहतात असेही नाही. २०१२ सालच्या पहिल्या बोर्डांवर तेराव्या जागी जीपीआयओ २१ होती. त्याच वर्षी आलेल्या सुधारित बोर्डावर त्याच जागी जीपीआयओ २७ आली. ज्यांनी आपल्या कोडमध्ये ठिकठिकाणी ‘२१’ असा नुसता आकडा लिहून ठेवला होता, त्यांचा कोड नव्या बोर्डावर मुका झाला.

नोडएमसीयू हा स्वस्त आणि म्हणून आपल्याकडे पुष्कळ वापरला जाणारा बोर्ड याहून फसवा आहे. त्यावर ‘डी ४’ असे छापलेल्या पिनेचे चिपमधील नाव जीपीआयओ २ आहे, आणि ‘डी २’ छापलेलीचे जीपीआयओ ४. मुलगा बोर्डावर डी ४ वाचतो, कोडमध्ये ४ लिहितो, आणि त्याचा हुकूम भलत्याच पिनेकडे जातो. कोड निर्दोष, तारा घट्ट, बोर्ड चांगला, तरी दिवा पेटत नाही.

मिलिंदपञ्हात भदंत नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे; ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव आहे. पिनेविषयीही तेच म्हणता येईल. १९ किंवा १० हा आकडा पिनेच्या अंगात कोठेही वसत नाही. मात्र नाव हा व्यवहार आहे असे एकदा मान्य केले, की तो दोन्ही पक्षांनी सारखा पाळणे आलेच.

आता एक प्रत्यक्ष घडलेला प्रकार. नववीतील दोन विद्यार्थिनींनी एक लहानसा रंगीत पडदा बोर्डाला जोडायला घेतला. पडद्याच्या पिनांवर ‘एससीएल’ आणि ‘एसडीए’ अशी अक्षरे छापलेली होती. ही दोन नावे आयटूसी या दोन तारांच्या संवादपद्धतीची आहेत, हे त्या शिकलेल्या होत्या. त्यांनी तारा बोर्डाच्या आयटूसी पिनांना लावल्या आणि जोडलेली उपकरणे शोधणारा प्रोग्राम चालवला. उत्तर आले : काहीही सापडले नाही. तार बदलली, बोर्ड बदलला, दुसरा पडदा आणला, तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक आम्हाला म्हणाली, “सर, हे आमच्यासाठी नसतंय.”

पडदा मुळात एसपीआय पद्धतीचा होता. त्या जातीच्या स्वस्त पडद्यांवर घड्याळाच्या तारेला एससीएल आणि माहितीच्या तारेला एसडीए छापण्याची रीत पडून गेली आहे. आणखी काही छोट्या पडद्यांवर त्याच तारांना ‘डी ०’ आणि ‘डी १’ म्हटलेले असते. हे ज्याला ठाऊक आहे त्याचा खोळंबा दोन मिनिटांचा. ते कोणी सांगितलेलेच नसेल, तर मूल दोष स्वतःच्या बुद्धीला देते. ज्या घरात संगणक पहिल्यांदाच शिरतो आहे, तेथे चुकीच्या नावाची किंमत अशी चुकवावी लागते. इंजिनिअर वडिलांचा मुलगा रात्री वडिलांना विचारील; आमची मुले कोणाला विचारणार?

हा गोंधळ एका पडद्यापुरता नाही. एसपीआयमध्ये अनेक उपकरणांतून ‘आता तुझ्याशी बोलतो आहे’ असे एकाला सांगणारी एक पिन असते. तिला कोणी सीएस म्हणतो, कोणी एसएस, कोणी एनएसएस, कोणी सीएसएन. रास्पबेरी पाय तिला सीई ० आणि सीई १ म्हणतो. आता एनआरएफ २४ हा रेडिओ घ्या. त्यावर सीएसएन आणि सीई अशा दोन वेगळ्या पिना आहेत. निवडीचे काम सीएसएन करते. सीई पिन रेडिओला पाठवण्याच्या अथवा ऐकण्याच्या स्थितीत आणते. नावावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी रेडिओची सीई आणि बोर्डाची सीई जोडतो, आणि नाव जुळल्यामुळेच त्याची जोडणी चुकते. पडद्याला ‘हा हुकूम की ही माहिती’ हे सांगणाऱ्या पिनेचेही असेच : कोठे डीसी, कोठे आरएस, कोठे ए ०.

उलट्या चालीच्या पिनांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. काही पिना वीज दिल्यावर काम करतात, तर काही वीज काढून घेतल्यावर. रीसेटची पिन बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. चिपच्या माहितीपत्रकात हे दाखवण्यासाठी नावावर आडवी रेघ देतात, किंवा आधी ‘एन’ लावतात, किंवा शेवटी एखादे चिन्ह. ड्रायव्हर लिहिणारा घाईत ती रेघ गाळतो आणि नुसते ‘रीसेट’ लिहितो. मग ‘रीसेट बरोबर एक’ याचा अर्थ चिप जागी कर की चिप थांबव? एकाने एक अर्थ घेतला, दुसऱ्याने दुसरा, तर चिप कायमची थांबलेली राहते. आणि कोठेही चुकीचा संदेश उमटत नाही. संगणकाच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

लिनक्स या मुक्त प्रणालीने या प्रश्नावर काढलेला तोडगा आम्हाला फार समंजस वाटतो. तेथे ड्रायव्हर आकडा विचारत नाही. तो काम विचारतो. ‘माझी रीसेटची तार कोणती?’ एवढाच त्याचा प्रश्न. उत्तर एका वेगळ्या वर्णनपत्रात असते, त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. या बोर्डावर रीसेटची तार अमुक पिनेवर आहे आणि तिची चाल उलटी आहे, अशी नोंद तेथे एकदाच केलेली असते. ड्रायव्हर ‘रीसेट लागू कर’ म्हणतो. चाल उलटी असेल तर वीज काढून घेण्याचे काम मधली यंत्रणा करते. बोर्ड बदलला तर वर्णनपत्र बदलायचे, ड्रायव्हरला हात लावायचा नाही. त्या वर्णनपत्रांतील नावांचेही नियम ठरलेले आहेत. रीसेटच्या तारेला सर्व ड्रायव्हरांनी रीसेटच म्हणावे, चालू करणाऱ्या तारेला इनेबलच म्हणावे; प्रत्येकाने आपापले टोपणनाव काढू नये.

येथपर्यंतचा विषय सोयीचा होता. आता जो भाग येतो त्याकडे आपल्या शाळेने तटस्थपणे पाहावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

एसपीआय ही पद्धत मोटोरोला कंपनीने १९८० च्या दशकात रूढ केली. तिच्या माहितीच्या दोन तारांची नावे एमओएसआय आणि एमआयएसओ. मुले त्यांना मोसी आणि मिसो म्हणतात. ही आद्याक्षरे ‘मास्टर आउट, स्लेव्ह इन’ आणि ‘मास्टर इन, स्लेव्ह आउट’ यांची आहेत. मालकाकडून बाहेर, गुलामाकडे आत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्या परंपरेत वाढलेल्या शाळेत आठवीच्या मुलीने ‘सर, यातला एस कशाचा?’ असे विचारले, तर उत्तर देताना जीभ अडखळते. अडखळली नाही तरच नवल.

यावर एक आक्षेप आमच्याच चळवळीतील मित्र घेतात. तारेला अपमान कळत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, तिकडे लक्ष द्या. ही नावांची चर्चा सुखवस्तूंची आहे. शिष्यवृत्तीबद्दल ते बोलतात ते शंभर टक्के खरे आहे, आणि तारेला काही कळत नाही हेही खरे. परंतु नाव तारेसाठी नसते, वाचणाऱ्यासाठी असते. शिवाय या नावात अपमानाइतकीच चुकीची माहिती आहे, आणि हा मुद्दा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

२०१७ साली लिनक्सने आपल्या एसपीआय विभागातील मूळ रचनेचे ‘मास्टर’ हे नाव काढून ‘कंट्रोलर’ केले. त्यामागचे कारण भावनेचे नव्हते. तोपर्यंत लिनक्स चालवणारा संगणक एसपीआयवर नेहमी हुकूम देणाराच असे. आता त्याला दुसऱ्या बाजूनेही, म्हणजे हुकूम ऐकणारा म्हणून, काम करता येईल अशी सोय करायची होती. एकच चिप एका जोडणीत हुकूम देते आणि दुसऱ्या जोडणीत तो पाळते. मग तिला जन्मतःच ‘मास्टर’ कसे म्हणणार? भूमिका त्या जोडणीपुरती असते. ती चिपला चिकटलेली जात नव्हे. नाव खोटे ठरले म्हणून बदलले.

आयटूसीची कथा याहून बोधक आहे. फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढलेल्या या पद्धतीच्या तारांची नावे एसडीए आणि एससीएल, म्हणजे माहितीची तार आणि घड्याळाची तार. माहितीपत्रकाच्या मजकुरात मास्टर आणि स्लेव्ह हे शब्द होते. एनएक्सपी कंपनीने ऑक्टोबर २०२१ च्या आवृत्तीत ते काढून ‘कंट्रोलर’ आणि ‘टार्गेट’ घातले. पण पिनांच्या नावांना हात लावण्याची गरजच पडली नाही, कारण ती नावे कामाची होती, दर्जाची नव्हती. एसपीआयमध्ये मात्र दर्जा थेट पिनेच्या नावात कोंबलेला होता, आणि म्हणून तो काढायचा तर लाखो बोर्डांवरचे छापील अक्षर आणि हजारो ड्रायव्हरांतील ओळी बदलाव्या लागतात.

जुलै २०२० मध्ये लिनक्सने आपल्या कोडलेखनाच्या नियमांतच लिहिले, की मास्टर–स्लेव्ह हे शब्द नव्याने आणू नयेत. मात्र हार्डवेअरच्या जुन्या माहितीपत्रकात ते असतील तर अपवाद चालेल. अमेरिकेतील ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनने त्याच वर्षी एसपीआयच्या पिनांसाठी नवी नावे सुचवली. (त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला २०२० हे साल लक्षात ठेवायला हरकत नाही.)

आता अडचण वेगळीच उद्भवली आहे. जुने नाव एक होते. नवी पाच झाली. आर्डुइनो ‘कंट्रोलर’ आणि ‘पेरिफेरल’ धरून सीओपीआय व सीआयपीओ म्हणतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स हेच शब्द उलट क्रमाने घेऊन पीआयसीओ व पीओसीआय म्हणते. त्यांतील ‘पिको’ हे तर एका प्रसिद्ध बोर्डाचेही नाव आहे. मायक्रोचिपला ‘होस्ट’ आणि ‘क्लायंट’ हे शब्द आवडतात. पिको बोर्डाच्या माहितीपत्रकात एसपीआयच्या तारांना टीएक्स आणि आरएक्स म्हटले आहे. अनेक सेन्सरांवर एसडीआय आणि एसडीओ असते. काहींनी एम आणि एस तसेच ठेवून ‘मेन’ आणि ‘सब’ असा नवा अर्थ सांगायला सुरुवात केली आहे. हा शेवटचा उपाय आम्हाला पटत नाही. अक्षरे तीच ठेवून अर्थ बदलल्याचे सांगायचे, म्हणजे जुन्या भिंतीला नवा रंग.

या नावांत एक तांत्रिक भेद आहे, तो ध्यानात घेतला तर निवड सोपी होते. एसडीओ म्हणजे ‘माझ्याकडून बाहेर’. हे नाव स्वतःच्या जागेवरून दिलेले आहे, म्हणून एकाची एसडीओ दुसऱ्याच्या एसडीआयला जोडावी लागते. तारा ओलांडून जातात. टीएक्स–आरएक्सचेही तसेच. मोसी–मिसो या नावांचा मोठा गुण असा, की ती दोघांमधील नात्यावरून दिलेली आहेत. दोन्ही टोकांना एकच नाव, म्हणून सारखे नाव सारख्या नावाला जोडायचे. सीओपीआय–सीआयपीओ या नावांत हा गुण टिकतो आणि दर्जा जातो. म्हणून आपल्या प्रयोगवर्गापुरती आम्ही तीच धरली आहेत. दुसऱ्या शाळेने दुसरी धरली तर आमचे भांडण नाही; एकाच वहीत तिन्ही प्रकार मात्र नकोत.

जुनी नावे एका रात्रीत जात नाहीत, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत काय सोसावे लागले ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. आणि जे मिळाले त्यातही जुने नाव नव्याच्या शेजारी राहिले. लिनक्सनेही २०१७ मध्ये जुने नाव लगेच पुसले नाही. जुन्या नावाने हाक मारली तरी नव्याकडेच जाईल अशी तात्पुरती सोय ठेवली, आणि एकेक ड्रायव्हर बदलत नेला. ही सोय आवश्यक असते, कारण नाव तडकाफडकी बदलले तर त्या नावावर अवलंबून असलेला दूरच्या कोणाचा तरी चालता प्रयोग बंद पडतो. पण जुने नाव कोणत्या आवृत्तीत जाणार हे त्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे. न लिहिल्यास तात्पुरते कायमचे होते.

आपले काही माजी विद्यार्थी आज पुणे, बंगळुरू येथे हेच काम करतात. त्यांच्यासाठी आणि आत्ता शिकणाऱ्यांसाठी आमच्या वर्गाचे नियम येथे नोंदवतो. ड्रायव्हरमध्ये पिनेचा आकडा येऊ नये. तेथे फक्त कामाचे नाव यावे. आकडे एकाच फाइलमध्ये, बोर्डाच्या नावाने, आणि ते कोणत्या हिशेबाचे आहेत हे पहिल्याच ओळीत. एका कामाला सर्व ड्रायव्हरांत एकच नाव : पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये रीसेट आणि रेडिओच्या ड्रायव्हरमध्ये आरएसटी असे चालणार नाही. चाल उलटी असेल तर ती आकड्यांच्या फाइलमध्येच नोंदवावी. माहितीपत्रकात जुने किंवा वेगळे नाव असेल तर ते टिप्पणीत जसेच्या तसे द्यावे, कारण तार लावणारा मुलगा बोर्डावर तेच अक्षर शोधणार आहे. पुरावा बदलू नये, टीप द्यावी, हा इतिहासलेखनाचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

त्या दोघी विद्यार्थिनींनी आता प्रयोगवर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात आपले नाव, तिसऱ्यात त्या त्या उपकरणावर छापलेले नाव, चौथ्यात बोर्डावरची जागा. आजवर सव्वीस उपकरणे त्यात आली आहेत. नवे उपकरण पेटीतून निघाले, की तारेला हात लावण्याआधी तक्त्यात ओळ भरायची असते. रंगीत पडद्याच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात ‘एससीएल, एसडीए’ असे लिहून त्याखाली लाल शाईने ‘आयटूसी नव्हे’ असे अधोरेखित केलेले आहे.